नववं टोक

मंदीतला नोव्हेंबर, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं शंतनूच्या बॉसचं गॅरेज. टांगलेल्या हरणाच्या शिंगांना बॉस म्हणे नऊ टोकं, त्याचा मेव्हणा म्हणे आठच. टोकावर अंगठी अडकली तरच ते मोजायचं, हा शिकाऱ्यांचा जुना नियम. बॉसने आश्लेषाची साखरपुड्याची अंगठी मागितली. “देऊन टाक गं,” नवरा शंतनू मराठीत पुटपुटला, “सोमवारी लेऑफची लिस्ट लागतेय.” तिने काढून दिली. मापात केसाएवढा फरक न खपवणारा इंजिनिअर म्हणून पंच शंतनूलाच केलं. नवव्या टोकावरून अंगठी घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. बॉसच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा ती अंगठ्याने दाबून धरत शंतनू ओरडला, “नाइन!” बॉसने त्याची पाठ थोपटली. मेव्हणा खदखदून हसला. “तुझा बॉस दहा म्हणाला असता तर?” आता तरी हा चिडेल, आश्लेषाला वाटलं. शंतनू वाकून दहावं टोक शोधायला लागला.