बोल्ट काढलेल्या बंदुका

"सगळ्या बंदुकांचे बोल्ट काढून ने," इर्या दारातच कुजबुजली. "काहीतरी थाप मार. पण आजच ने."

बंदुका जमवणाऱ्यांच्या क्लबातला रेयोचा जुना मित्र काउको बूट काढता काढता थांबला. इर्याच्या हातात कॉफीची किटली होती आणि चेहरा पार ओढलेला.

"एवढ्यावर आलंय?"

"परवा म्हणाला, यान्नेकडे जावंसं वाटतं. म्हणाला, मला एकटं सोडू नकोस."

यान्ने हा इर्या आणि तिचा नवरा रेयो यांचा एकुलता एक मुलगा. एप्रिलात, विरघळत्या बर्फावरून स्नोमोबाइल घेऊन तळं ओलांडताना तो बर्फ फुटून बुडाला. सामनचं सूप गरम आहे, लवकर ये, असा आईचा फोन आला होता. रस्त्याचा वळसा टाळावा म्हणून त्यानं तळं धरलं.

मागच्या कामाच्या खोलीत बंदुका होत्या. युद्धाच्या काळातल्या सुओमी सबमशीनगन, बापलेकांनी मिळून जमवलेल्या. कुठल्या तरी शेतकऱ्याच्या परवान्यावरची गंजकी बंदूक आणायची, हिवाळाभर तेलाच्या फडक्यानं घासत बसायचं, एका स्प्रिंगसाठी अर्धा देश पालथा घालायचा. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या पोटात पुढेमागे धावणारा लोखंडी ठोकळा. तो नसला की बंदूक म्हणजे नुसती नळी. बोल्टावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळला, की रेयोला आभाळ ठेंगणं व्हायचं. असा जुळलेला बोल्ट काउकोनं नुसता हातात घेतला, तरी तो म्हणायचा, "बोटं पुसलीस का? की सकाळचं लोणी आहे अजून?"

आज रेयो दाढी वाढलेली, खांदे पडलेले, असा बाकापाशी बसून होता.

"क्लबातर्फे बोल्टांची मापं घेतोय," काउकोनं थाप मारली. "झीज किती झाली ते बघायला."

आता एखादा टोमणा येईल म्हणून तो थांबला.

"ने," रेयो म्हणाला.

एवढंच. मग त्यानं स्वतःच एकेक सुओमी खाली घेतली, मागची टोपी फिरवली, स्प्रिंग काढली, बोल्ट तळहातावर घेतला आणि तेलकट कापडात गुंडाळला. कोणत्या बंदुकीचा कोणता, हे गुंडाळीवर खुणेनं लिहिलंसुद्धा. सुटे बोल्ट ठेवलेली पेटीही पुढे सरकवली. ती पेटी काउकोनं इतक्या वर्षांत पाहिलेली नव्हती.

"इर्याच्या रायफलचाही ने. मापं घ्यायचीच आहेत तर."

इर्याची रायफल एल्क हरणाच्या शिकारीची. तिचा क्लबाशी काय संबंध, हे विचारायचं काउकोच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारवेना. जीव की प्राण असलेल्या वस्तू माणूस आपल्या हातानं वाटायला लागला, की तो निघायच्या तयारीत असतो, असं त्यानं ऐकलं होतं. सावो भागातला माणूस बोलला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर, अशी आमच्याकडे म्हणच आहे. काउकोनं अर्थ लावला आणि गाडीत बसून रडला.

उन्हाळाभर तो येत राहिला. दर खेपेला तेच दिसायचं. रेयो खुर्चीत, आणि इर्या त्याच्या अवतीभवती. त्याला घास घ्यायला लावायची, गोळ्या द्यायची, सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एकटं जाऊ द्यायची नाही. झोपायची तीही दाराशी गादी टाकून, तो उठला तर जाग यावी म्हणून.

"तू स्वतः काही खातेस का गं?" काउको विचारायचा.

"मला वेळ कुठाय? मी आडवी झाले तर ह्याच्याकडे बघणार कोण?"

गावातल्या बायका म्हणायच्या, इर्या लोखंडाची आहे. पोटचा पोरगा गेला, पण रडायला बसली नाही.

उन्हाळा सरता सरता जंगलात लिंगोनबेरी लाल झाल्या त्या सुमारास तिला दातांच्या डॉक्टरकडे जाणं भाग पडलं. दात किती दिवस ठणकत होता, कुणास ठाऊक. काउकोला तिनं तीन-तीनदा बजावलं. "नजर हलवू नकोस हं त्याच्यावरून. हातात चाकू देऊ नकोस. आणि तळ्याकडे तर मुळीच नको."

गाडी वळणाआड गेली.

रेयो उठला. ताठ उठला. पायरीवर पडलेली कुऱ्हाड घेऊन त्यानं सरपणाचा ओंडका एका घावात दुभंगला, मग दुसरा. घाम आल्यावर आत येऊन वेलचीचे दोन पाव खाल्ले, तिसरा कॉफीत बुडवला.

काउको बघतच राहिला. मग त्याच्या कपाळाची शीर तडतडली.

"अरे, तू तर धडधाकट आहेस!"

"हळू बोल."

"काय हळू बोल? ती बिचारी तुझ्यापायी अर्धी झाली! रात्री जमिनीवर झोपते, दात किडेपर्यंत दुखणं काढते, आणि तू इथे पाव हाणतोस? आजच्या आज सांग तिला. नाहीतर मी सांगतो!"

रेयोनं बशी बाजूला सारली. ओठांवरचे कण पुसले.

"धडधाकट नाही रे. यान्नेचा बाप आहे मी. तो गेल्यापासून एक दिवस असा गेला नाही की... पण मरणार नाही मी."

"मग हे सोंग कशाला?"

रेयोनं खिडकीबाहेर, गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं.

"दफन झालं त्याच आठवड्यात तिला मी सौनाच्या मागून घरी उचलून आणलं, जीव द्यायला निघाली होती ती. कुणाला कळू दिलं नाही. माझ्यासाठी जग म्हटलं, तर म्हणाली, तू खंबीर आहेस, तुला माझी गरज नाही." त्यानं डोळे पुसले. "म्हणून मग मीच मरायला टेकलो."