हिंगाचा फॉरमॅट

बेचव घासालाही फाइलमधली चव देणारी जिभेवरची चिप बंद करायचंही भान नसलेले निशिकांतराव सकाळपासून ऑनलाइन भांडत होते. चवीच्या फाइलचा नवा फॉरमॅट आमटीतला हिंग गिळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "तुमच्या जिभेलाच गंज चढलाय, काका," असं एका पोरसवदा तज्ज्ञाने लिहिलं, तेव्हा तर ते भडकलेच.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी रेवतीबाईंनी आमटीची वाटी पुढे ठेवली. स्क्रीनवरची नजर न हलवता निशिकांतरावांनी भुरका मारला.

"नव्या फॉरमॅटची फाइल लावलीस ना? हिंगाचा मागमूस नाही!"

"कसली फाइल? आत्ता गॅसवरून उतरवलेली खरी आमटी आहे. हिंग संपलाय, आणा म्हणून सकाळपासून घसा फोडतेय."

निशिकांतरावांनी त्या पोरालाच हळूच लिहिलं, "नुसत्या हिंगाची फाइल आहे का रे? कुठलाही फॉरमॅट चालेल."