मोहरीएवढी बाहुली

पंडितरावांच्या कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनची गोळी सुरू झाली, तेव्हा नर्सबाईंनी त्यांच्या बायकोला, सरजाबाईला, समजावलं होतं, "मावशी, गोळीनं दुखणं जात न्हाई, मेंदूला त्याचा सांगावा तेवढा पोचत न्हाई. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली, की गोळी लागू पडली समजा."

गोळी कडू, म्हणून सरजाबाई ती गुळाच्या खड्यात दाबून द्यायची अन् त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहायची. बाहुली बारीक झाली, की ते म्हणायचे, "आता बस की जरा. तुझेबी गुडघे दुखायलेत."

पंडितराव गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला. उरलेल्या गोळ्या लेकीनं, पिंकीनं, दवाखान्यात परत केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, गोळीच्या वक्ताला, सरजाबाई भाकरी थापत होती. गुडघ्यातली वर्षानुवर्षांची कळ एकाएकी विझली. जिभेवर गूळ आला, त्यामागून कडू.

पिंकी आत आली अन् थबकली. "आई, इथं एवढा अंधार हाय, अन् तुझ्या बाहुल्या अशा मोहरीएवढ्या कशानं झाल्या?"

सरजाबाईनं आरसा मागितला न्हाई. तिनं पोतं अंथरलं, एका कडेला सरकून बसली अन् हळूच म्हणाली,

"बसले बघा. आता तुमीबी टेका."