गुडघ्याची शिकवणी

पळत येऊन शर्वरी सरनोबतनं फटका मारायला पाय उचलला आणि तिचा यांत्रिक गुडघा पुन्हा आखडला. ती तोंडावर आपटली. आज सतराव्यांदा.

“रविवारी संघ निवडायचाय,” तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच बाजीमामा म्हणाले. “कंपनीकडून याची मेमरी पुसून घे. बिघडलाय तो.”

“बिघडला नाही, मामा. हा माझं बघूनच शिकतो. ऑपरेशननंतर आठ महिने मी घाबरत पाय टाकला, तेच शिकलाय.”

“म्हणून तर पुसायचं.”

“पुसला तरी परत माझ्याकडूनच शिकणार. आधी माझी भीती जायला पाहिजे.”

तिनं माती झटकली, चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला आणि मागं सरकली.

या वेळी पळत येताना तिनं एकदाही गुडघ्याकडं बघितलं नाही.