ठोकळा

बारावीला इंग्रजीत पहिली आली म्हणून ओमेश्वरीला शाळेने जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस दिला. तिला गोंदियाला जाऊन बी.ए. करायचं होतं. त्याच उन्हाळ्यात बापाने तिच्या नापास झालेल्या भावासाठी, संजूसाठी, कंप्युटर आणला आणि तिचं लग्न ठरवलं.

"बाबूजी, शब्दकोश सासरी नेऊ का?"

"कायले? तिथं काय कालेजात जाऊन राहिली? अन् संजूलेही त्याचं काम नाही. त्याच्या सीडीत सारे शब्द हायेत, बटन दाबलं का अर्थ हाजर. पडू दे तो ठोकळा घरीच."

मांडवात नवरदेव ताडमाड उंच. पाटावर उभी करूनही ओमेश्वरी त्याच्या छातीलाच लागत होती. भटजी खोळंबले, पाहुणे हसू लागले. तेव्हा आई लगबगीने घरात गेली आणि तोच शब्दकोश घेऊन आली. पाट बाजूला सारून तिने तो पोरीच्या पायाशी ठेवला.

ओमेश्वरीचा पाय उचलेना. डोळे भरून आले.

आईला पोरीचं कौतुक वाटलं.



"बरोबर हाये माय, विद्येले पाय नाही लावत," म्हणत तिने शब्दकोशावर पाट ठेवला. "हं, आता चढ."