तांदळाएवढं मूळ

“मेलेल्या काडीला आंघोळ घालत बसलीय,” पलंगावरून दिगंबरराव पुटपुटले. शालिनी त्या काडीवर पाण्याचा फवारा मारतच राहिली.

दिगंबररावांची, तिच्या नवऱ्याची, केमो सुरू झाली तेव्हा कुणीतरी हे ऑर्किड आणलं. भेटायला येणाऱ्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही, मग जो तो “फूल सुंदर आहे हो,” म्हणत कुंडीत पेलाभर पाणी ओतायचा. महिन्याभरात मुळं कुजली. स्वतः शालिनीही नवऱ्याशी बोलताना ‘होईल सगळं नीट’च्या पुढे कधी गेली नव्हती.

तिनं कुजकं सगळं कापलं, उरलेला बोटभर दांडा नारळाच्या सोडणावर बांधला आणि रोज सकाळी त्यावर नुसता पाण्याचा फवारा मारला. चार महिने काही हललं नाही.

आज मात्र तिचा हात थबकला. दांड्यातून तांदळाएवढं हिरवं टोक बाहेर आलं होतं. ती सोडण उचलून पलंगापाशी गेली. दिगंबररावांनी चष्मा लावला. माती नाही, खत नाही, आणि हे मूळ आलं कुठून? दोघंही श्वास रोखून बघत राहिली.

“शालू,” ते म्हणाले, “मला एवढ्यात मरायचं नाहीये.”