लस का घेता, बाबांनो?

विद्यापीठातल्या झाडून सगळ्या पोरांनी लस घेतली. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण पीएचडीवाल्या दादाला ही बातमी कळायची बाकी आहे.

विद्यार्थी लस घ्यायला कशामुळे तयार होतात, हे मोजणं हा दादाचा विषय. गाईड मॅडमनी दम भरला होता, "लस न घेतलेल्यांनाच विचार. उत्तरं नाही मिळाली, तर विषय बदल आणि पहिल्यापासून सुरू कर." म्हणून तो रोज कँटीनच्या दारात पोरांना गाठून ऐंशी प्रश्न विचारायचा. पोरांचा चहा गार व्हायचा, पण याचं 'सहमत, अंशतः सहमत' काही संपायचं नाही. निम्म्यापुढे कुणी टिकत नव्हतं. दंडाला कापूस दिसला, की मात्र दादा निमूट वाट सोडायचा.

आठवड्याभरात लसीच्या खोलीबाहेर ही भलीमोठी रांग. "पोरं सुईकडे पळत येताना पहिल्यांदाच बघतेय," नर्सबाई म्हणाल्या.

दादा धापा टाकत आला आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीला म्हणाला, "एकच सांग, लस का घेतेयस?"

"तुमच्यामुळे, दादा," बाही वर सारत ती म्हणाली. "सुई एकदाच टोचते."

दादाने त्याच दुपारी कुलगुरूंकडे अर्ज दिला.

"तरी संशोधनाच्या हितार्थ, किमान दोनशे विद्यार्थ्यांच्या दंडातून लस परत काढून घेण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."